मास्तर आणि मेस्त्री

(गारगोटी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे पूर्ण नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेले आहे. गावात मात्र त्या नावाने त्यांना कोणी हाक मारली नाही. लहानथोरांच्या तोंडी एकच शब्द होता: मास्तर. ‘मास्तरांचं घर’, ‘मास्तरांची पोरं’, ‘मास्तर म्हणत्यात म्हंजे खरंच असंल.’ एक माणूस सगळे आयुष्य ज्या शब्दात राहिला तो शब्द मूळचा इंग्रजी. त्याच्याकडे आज नीट बघावे असे मला वाटले. व्याकरणाचा तास घेण्याचा माझा विचार नाही. या एका शब्दाचा माग काढत गेले की कोल्हापूर जिल्ह्याच्या, आणि विशेषतः या गारगोटीच्या, शिक्षणाचा इतिहास हाती लागतो. त्यासाठी हा विषय निवडला.

इंग्रजीतला ‘मास्टर’ हा जुना आणि फार राबलेला शब्द. त्याचे मूळ लॅटिन ‘मॅजिस्टर’. ‘मॅजिस’ म्हणजे अधिक. इतरांहून जो अधिक तो मॅजिस्टर. लॅटिनमध्ये त्याच्या जोडीला ‘मिनिस्टर’ होता. ‘मिनस’ म्हणजे उणे; जो उणा तो मिनिस्टर, म्हणजे सेवक. आज मिनिस्टर म्हटले की मंत्री डोळ्यांपुढे येतो. मूळ अर्थ सेवकाचा आहे, हे मंत्र्यांनी आणि मतदारांनी दोघांनीही ध्यानात ठेवावे. पण आपला विषय मास्टर. इंग्रजीत हा शब्द मालकाला लागतो, शाळेत शिकवणाऱ्याला लागतो, व्यापारी जहाजाच्या कप्तानाला लागतो, पदवीला लागतो. एखादी गोष्ट पूर्णपणे हस्तगत करणे या अर्थाने तो क्रियापदही होतो. मोठ्या घरातल्या लहान मुलाच्या नावाआधी तो लावत. ‘मिस्टर’ हे याच शब्दाचे बोलण्यात झिजलेले रूप, आणि ‘मिसेस’, ‘मिस’ याच कुळातल्या लेकी.

या सगळ्या अर्थांत मला मोलाचा वाटतो तो कारागिरांचा अर्थ. मध्ययुगीन युरोपात सुतार, सोनार, गवंडी, मोची यांचे संघ असत. पोरगा आधी उमेदवार म्हणून राबायचा, मग रोजावर काम करायचा आणि हात तयार झाला की स्वतः घडवलेली एक वस्तू संघापुढे ठेवायचा. जाणत्यांना ती पसंत पडली की तो ‘मास्टर’. मग त्याला स्वतःचे दुकान मांडता येई आणि हाताखाली पोरे घेऊन शिकवता येई. परीक्षेसाठी ठेवलेल्या त्या वस्तूचे नाव ‘मास्टरपीस’. आज चित्रपटाच्या जाहिरातीत हा शब्द वाचताना कोणाच्या मनातही येत नाही की तो कारखान्यात जन्मला, रंध्याच्या भुशात. विद्यापीठांची रीतही याच्याशी मिळतीजुळती होती. ‘मास्टर ऑफ आर्ट्स’, म्हणजे आपली एम. ए., ही पदवी मुळात शिकवण्याचा परवाना होती. ज्याला काम येते तोच शिकवणार, आणि ज्याला पुरते येते त्याने शिकवायचे, अशी ती समजूत होती. करणे आणि शिकवणे या दोन गोष्टी त्या एका शब्दात एकत्र नांदत होत्या.

मराठीत मात्र हा शब्द दोन वाटांनी आला आणि येताना दुभंगला.

पहिली वाट कोकणची. पोर्तुगीज सोळाव्या शतकात गोव्यात आले. त्याच लॅटिन शब्दाचे त्यांच्या भाषेतले रूप ‘मेश्त्र’. आपल्या तोंडी त्याचा मेस्त्री झाला, कुठे मिस्त्री झाला. तो एकटा आला नाही. घमेले पोर्तुगीज, पगार पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज, लिलावही पोर्तुगीज. बांधकामावर उभे राहून कान दिला तर मेस्त्री, घमेले आणि शनिवारचा पगार, तिन्ही शब्द एकाच गलबतातून उतरलेले आहेत. ओळंबा, रंधा, पटाशी, थापी आपल्याकडे होतेच. सुतार होता, गवंडी होता, लोहार होता. नवा शब्द आला तो या सगळ्यांतल्या जाणत्यासाठी, कामाची आखणी करून दुसऱ्यांकडून ते करवून घेणाऱ्यासाठी. तळकोकणात तो आडनाव होऊन बसला. घाट चढून तो आपल्या भागातही आला.

दुसरी वाट इंग्रजी अंमलाची. तिने ‘मास्टर’ आणला आणि आपण त्याचा मास्तर केला. स्टेशनातला ट आपण ठेवला, मास्तरातला मात्र मऊ केला, डॉक्टरचा डाक्तर केला तसा. हा मास्तर सरकारी शाळेतून आला, म्हणून पुस्तक, फळा, छडी आणि हजेरीपट घेऊन आला. आधी गावठी शाळेत पंतोजी असत. त्यांची जागा हळूहळू या पगारी माणसाने घेतली.

एकाच मुळाचे हे दोन शब्द मराठीत शेजारी राहूनही परके राहिले. ज्याचा हात चालतो तो मेस्त्री. ज्याची जीभ आणि लेखणी चालते तो मास्तर. मेस्त्रीचा मुलगा मास्तर झाला की घराण्याने पायरी चढली असे लोक मानत. मास्तरचा मुलगा मेस्त्री झाला तर घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरे. युरोपातल्या त्या संघांना असा भेद माहीत नव्हता असे मी म्हणणार नाही. विद्यापीठातला मास्टर सुतारकामातल्या मास्टरपेक्षा तिथेही मोठा गणला जाई. पण शब्द एकच होता, आणि शब्द एक असला की निदान बोलताना तरी दोघांना एका ओळीत बसवावे लागते. आपल्याकडे जातीची उतरंड आधीच तयार होती. तिने या दोन शब्दांना दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवले.

आपल्या कोल्हापुरात एक मेस्त्री असा होऊन गेला की त्याच्यापुढे ही उतरंड टिकत नाही. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९० चा. जगाला ते बाबूराव पेंटर म्हणून ठाऊक आहेत. मूळ आडनावावर दुसरा एक इंग्रजी शब्द येऊन बसला. घराणे कारागिरांचे. शालेय शिक्षण बेताचे. चुलतभाऊ आनंदराव मेस्त्री यांच्याबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. सिनेमाने दोघांनाही झपाटले, पण बाहेरून कॅमेरा आणणे परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा कॅमेरा आपणच घडवायचा असे त्यांनी ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कोल्हापुरात घडवलेल्या यंत्राने कोल्हापुरात टिपलेली ती चित्रे होती. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला.

बाबूरावांनी वर्ग कधी घेतला नाही, तरी त्यांच्या हाताखाली कोण तयार झाले ते बघा: दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम. याच मंडळींनी पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात कंपनी काढली, आणि १९३६ च्या त्यांच्या ‘संत तुकाराम’चा गौरव व्हेनिसच्या महोत्सवात झाला. पडदा रंगव, सेट ठोक, फिल्म धू, दिवा धर, असे करता करता ही माणसे शिकली. मास्टर या शब्दाचा जो मूळ पुरा अर्थ मी सांगितला, करणारा आणि शिकवणारा एकच, तो मराठी मुलखात एका मेस्त्रीने खरा करून दाखवला. त्यांना कलामहर्षी म्हणतात ते योग्यच आहे. मला त्यांचे मूळ आडनावही तितकेच मानाचे वाटते.

रंगभूमीने हा शब्द आणखी एका अंगाने घेतला. नाटक मंडळ्यांत नटांकडून तालमी करून घेणारा तो तालीममास्तर. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल हे त्यातले थोर नाव, लोक त्यांना देवल मास्तर म्हणत. शाळेत शिकवण्याचे काम त्यांनी केलेच होते, पण त्यांची खरी शाळा भरली ती रंगमंचावर. पेटी वाजवणारा पेटीमास्तर, वाजंत्र्यांच्या ताफ्याचा बँडमास्तर. पोरवयात रंगमंचावर आलेल्या नटांच्या नावाआधी मास्टर लागे आणि मग ते वयाने वाढले तरी तो तसाच राही: मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव. इंग्रजीत लहान मुलाला लावायचा शब्द आपल्याकडे थोर कलावंताची पदवी झाला. ही अर्थाची वाढ आपल्या रसिकांनी घडवली आहे.

आता शाळेतल्या मास्तराकडे वळतो, कारण आजच्या सभेचा खरा विषय तोच आहे.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. ते इंग्रजीत आहे. प्राथमिक शाळेचा मास्तर कसा असावा हे त्यात त्यांनी जितके बारकाईने सांगितले आहे तितके त्या काळात दुसऱ्या कोणी सांगितलेले मला आढळत नाही. मास्तर शिकून तयार झालेला असावा, आणि शक्यतो शेतकरी वर्गातला असावा. गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. खालच्या मानलेल्या लोकांत त्याला मोकळेपणाने मिसळता यावे. त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस असावा. गावचा टपालाचा कारभार, दस्त नोंदण्याचे काम अशी जोडकामे त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल.

नांगर आणि वाकस! जोतीरावांनी हे दोन शब्द सहज लिहिलेले नाहीत. ते स्वतः फुलमळ्याच्या घराण्यातले. पुढे त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, खडकवासल्याच्या धरणाला माल पुरवला. गवंडी, पाथरवट, बिगारी यांच्यात त्यांचा रोजचा वावर होता. मेस्त्री आणि मास्तर यांच्यात पडलेली फट त्यांना दिसत होती आणि ती बुजवायची तर सुरुवात मास्तराच्या हातापासून करावी लागेल हे त्यांनी ओळखले होते. १८६९ मध्ये त्यांनी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा रचला होता. तेरा वर्षांनी हंटरसाहेबापुढे त्यांनी तक्रारीच्या जोडीला उपाय मांडला. आपल्या शिक्षणाच्या इतिहासातला हा परिच्छेद डी. एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा इतक्या मोलाचा आहे.

कारण मास्तर या शब्दाची काळी बाजूही होती, ती झाकून चालणार नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या मुलाला वर्गात इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिता येत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या वर्गातही मास्तर होताच. जो अधिक आहे त्याने उण्याला अधिक करायचे, हे त्या शब्दाचे काम. तिथे तो शब्द आपल्या कामाला मुकला. पंधरा वर्षांनी, १९१५ मध्ये, त्याच मुलाने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची मास्टर ऑफ आर्ट्स पदवी घेतली. शिकवण्याचा तो जुना परवाना त्याने सार्थही केला: १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. आणि १९२० च्या मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांच्याकडे बोट दाखवून लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे.

महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. शाळा गावोगाव न्यायची तर मास्तर गावोगाव हवा. मग हा शब्द खेड्यात शिरला आणि खेड्याने त्याला आपल्यात घेतले. एखादा परका शब्द भाषेत मुरला की नाही हे त्याच्या लेकुरवाळेपणावरून कळते. मास्तराची मास्तरीण झाली, मास्तरीणबाई झाली. पेशाला मास्तरकी म्हणू लागले. लाडात मास्तुरे, रागात मास्तरडा. हेडमास्तर, डिरीलमास्तर, पोष्टमास्तर, टेशनमास्तर. ‘मास्टर चावी’त तर इंग्रजी आणि पोर्तुगीज यांचे मराठीत लग्न लागले आहे. इंग्रजाला यातले अर्धेअधिक शब्द कळणारही नाहीत. हा शब्द आता आपला आहे.

त्या मास्तराचे गावातले स्थान कळून घ्यायचे तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचावी. १९५५ ची कादंबरी. औंध संस्थानातली धनगरांची वाडी आणि तिथे नेमणूक होऊन आलेला कोवळा पोरगा राजाराम सौंदणीकर. त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. वयाने आजोबा शोभेल असा कारभारीही त्याला मास्तरच म्हणतो. तो पोरे शिकवतो, पण तेवढ्यावर त्याचे काम थांबत नाही. लोकांचे कागद तो वाचतो, तंटे ऐकतो, त्यांची कामे तालुक्याला जाऊन करतो आणि शेवटी वाडीला हाताशी धरून तालमीची इमारत उभी करतो. वाडीतला प्रत्येक जण त्या बांधकामाला हात लावतो. माडगूळकर स्वतः तशा शाळेवर मास्तर होते, म्हणून हे लिहू शकले. मला वाटते, मास्तर आणि मेस्त्री मराठी साहित्यात खऱ्या अर्थाने भेटले ते त्या तालमीच्या भिंतीपाशी.

आणि मराठी मुलखात भेटले ते इथे, वेदगंगेच्या काठी.

जयंत पांडुरंग नाईक, म्हणजे सारा देश ज्यांना जे. पी. नाईक म्हणून ओळखतो ते, जवळच्याच आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. जन्मतारीख ५ सप्टेंबर १९०७. हाच दिवस पुढे देशाचा शिक्षक दिन ठरला, हा योगायोग मला फार आवडतो. १९५२ मध्ये त्यांनी गारगोटीत श्री मौनी विद्यापीठ उभे केले. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव त्याला दिले, शिवाजी महाराज ज्यांच्या दर्शनाला गेले होते त्या सत्पुरुषाचे. पुण्या-मुंबईत शिक्षणतज्ज्ञ म्हणून मान मिळत असताना त्यांनी घाटमाथ्याच्या कुशीतले हे गाव निवडले. ग्रामीण उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारने १९५६ पासून देशात ज्या मोजक्या संस्था निवडल्या त्यांत गारगोटी होती.

तुम्ही रोज त्या आवारातून ये-जा करता, म्हणून कदाचित तुमच्या लक्षात येत नसेल. एकीकडे आचार्य जावडेकर यांच्या नावाचे शिक्षणशास्त्राचे महाविद्यालय, म्हणजे मास्तर तयार करण्याची जागा. दुसरीकडे जिला तुम्ही सगळे आयसीआरई म्हणता ती स्थापत्य आणि ग्रामीण अभियांत्रिकीची संस्था, म्हणजे रस्ते, बंधारे, घरे बांधणारे हात तयार करण्याची जागा. जोतीरावांनी ज्या मास्तराच्या हाती नांगर आणि वाकस दिला होता, त्याच्यासाठी ही एकत्र वसाहत आहे असे मी मानतो. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेली गांधीजींची नई तालीम, शाहू महाराजांची सक्ती, कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांची कमवा आणि शिका ही वाट, असे सगळे प्रवाह इथे येऊन मिळाले.

पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी शिक्षण आयोग बसला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. आयोगाने सांगितले की हाताने केलेले उत्पादक काम हा सगळ्या शालेय शिक्षणाचा भाग असला पाहिजे. त्यातून आपल्या शाळांच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ हा तास आला. देशभर गेलेल्या त्या शिफारशीमागे नाईकांचा गारगोटीचा अनुभव होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या तासाचे पुढे काय झाले हे तुम्ही जाणताच. पुठ्ठ्याचे घर, लोकरीचे फूल, वर्षाअखेरीला प्रदर्शन. मेस्त्री शाळेत आलाच नाही. मास्तरानेच त्याचा तास घेतला, आणि हाताला सवय नसल्यामुळे तो कागदावर घेतला. अपयश त्या कल्पनेचे नव्हते. आपण ती मनापासून राबवली नाही.

इंग्रजी जगात गेल्या काही वर्षांत या शब्दावर मोठा वाद झाला, त्याबद्दल थोडे सांगतो. अमेरिकेत गुलामांच्या मालकाला मास्टर म्हणत. त्या आठवणीमुळे हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांनी २०१६ मध्ये वसतिगृहप्रमुखांचे मास्टर हे पद बदलले, आणि २०२० मध्ये गिटहब या संगणक-प्रणालींच्या मोठ्या कोठाराने आपल्या मुख्य शाखेचे ‘मास्टर’ हे नाव काढून ‘मेन’ ठेवले. ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर तो शब्द आसुडासारखा पडला त्यांनी तो काढावा, हे मला रास्त वाटते. मराठीत मात्र मालकीचा अर्थ कधी आलाच नाही. त्यासाठी आपल्याकडे धनी, मालक, सावकार होते. आपण या शब्दातून हुकमत बाहेर ठेवली आणि विद्या व हुन्नर तेवढे आत घेतले. परक्या शब्दातले काय घ्यावे आणि काय सोडावे याची अशी उपजत समज आपल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या आजा-पणज्यांना होती, याचा मला अभिमान वाटतो.

तरीही हा शब्द आज आपल्या तोंडून जातो आहे. शिक्षकांनाच तो नको वाटतो. आधी गुरुजी आले. साने गुरुजींमुळे त्या शब्दाला जो ओलावा मिळाला त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आता सगळीकडे सर. पहिलीतले पोरही सर म्हणते. मास्तर म्हटले की अपमान झाल्यासारखे का वाटावे? मला कारण साधे दिसते. आपण त्या कामाचा मान आणि दाम कमी केला, म्हणून शब्द हलका पडला. बारा रुपयांखाली जाऊ नका असे जोतीराव सांगत होते ते याच भीतीने. २००० साली महाराष्ट्राने नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे मानधनावर ठेवण्याची योजना आणली आणि त्याला नाव दिले शिक्षणसेवक. सेवक म्हणजे लॅटिनमधला मिनिस्टर, मॅजिस्टरच्या नेमका उलटा. सेवाभावाचे नाव देऊन पगार तोडणे ही गोष्ट मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. नुसत्या शब्दाचा मान कोणी वाढवू शकत नाही. तो पेशाबरोबर वाढतो.

म्हणून आजच्या सभेपुढे, विशेषतः इथे बसलेल्या भुदरगड तालुक्यातल्या मुख्याध्यापकांपुढे आणि पालकांपुढे, एक मागणे ठेवून मी थांबतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्यास सांगितले आहे. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा जाणत्या माणसांच्या हाताखाली काम शिकायचे आहे. कार्यानुभवाचे जे झाले ते या दहा दिवसांचे होऊ देऊ नका. तुमच्या गावातला सुतार, गवंडी, लोहार, पाटगावचा मधपाळ यांना रीतसर पत्र पाठवून शाळेत बोलवा. त्यांच्या मोडलेल्या रोजाचे पैसे ग्रामपंचायतीने किंवा शाळा व्यवस्थापन समितीने द्यावेत. फुकट बोलावू नका. ते खुर्चीवर बसतील आणि मास्तर पोरांबरोबर खाली बसून रंधा धरायला शिकतील, असे करा. आणि मुलांना सांगा की या दहा दिवसांत त्या माणसाला हाक मारायची ती ‘मास्तर’ म्हणून.